शॅमेलिऑनबद्दल इंटरनेटवर मिळणारा सल्ला कसा पारखायचा

व्हेल्ड शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या झाडावरच्या सरड्याच्या एका जातीच्या, पिंजऱ्यात पाणी कधी फवारायचं, एवढा साधा प्रश्न इंटरनेटवर शोधून बघा. एक जण सांगेल, दिवसातून तीनदा. दुसरा सांगेल, दिवसा फारसं नको, रात्री धुकं सोडा. तिसरा म्हणेल, पाण्याची वाटी ठेवली की झालं. तिघांच्याही उत्तराखाली एक ओळ हमखास असते, 'माझा तर मस्त आहे', आणि सोबत हिरव्यागार प्राण्याचा फोटो.

घोटाळा त्या ओळीतच आहे. शॅमेलिऑन आजार लपवतो. रानात अशक्त दिसणारा सरडा लगेच पक्ष्याच्या किंवा सापाच्या तोंडी जातो, त्यामुळे अगदी हाताबाहेर जाईपर्यंत तो काही दाखवत नाही. कॅल्शियम किंवा यूव्हीबी प्रकाश (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) कमी पडला तर हाडं मऊ होत जातात, पण डोळ्यांना दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं हळूहळू बिघडतात. तोवर प्राणी खातो, चढतो, रंगही बदलतो. सल्ला साफ चुकीचा असला तरी पहिले काही महिने सगळं छान चाललेलं दिसतं, आणि सल्ला देणारा नेमका त्याच काळात उत्साहाने लिहीत असतो. व्हेल्ड किंवा पँथर जातीचा नर नीट सांभाळला तर पाच वर्षं आणि त्याहून जास्त जगू शकतो. म्हणून कुठलाही सल्ला वाचताना मनात पहिला प्रश्न हाच हवा: हे पाळून प्राणी किती काळ जगला?

हा लेख मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोपात राहणाऱ्या मराठी घरांसाठी आहे. मुलाने पेट शॉपमध्ये किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात शॅमेलिऑन पाहिला, हट्ट धरला, आणि आता आईबाबा रात्री बारा वाजता व्हिडिओ बघत बसलेत, हे चित्र ओळखीचं असेल.

भारतात राहून वाचत असाल तर आधी कायदा. आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा किंवा सरडगुहिरा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, त्यामुळे 'देशी शॅमेलिऑन कसा पाळावा' असं शिकवणारा व्हिडिओ तिथेच बंद करा. परदेशी जातीही 'साइट्स' या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. 'कागदपत्रांची गरज नाही, घरपोच देतो' म्हणणाऱ्याचा बाकीचा सल्ला वाचायचीही गरज नाही. आणि घरात, शेतात घोयरा आलाच तर महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. तो विषारी नसतो, घाबरून मारू नका.

पहिली पायरी: सल्ला नेमक्या कोणत्या प्राण्यासाठी आहे?

शॅमेलिऑनच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. घरी पाळल्या जाणाऱ्यांत तीन नावं वारंवार येतात. व्हेल्ड हा येमेन आणि सौदी अरेबियाचा, डोक्यावर उंच टोपासारखा तुरा असलेला. पँथर मादागास्करचा; तिथल्या प्रत्येक भागातल्या नरांचे रंग वेगळे, म्हणून विक्रेते अंबिलोबे, नोसी बे अशी गावांची नि बेटांची नावं लावतात. तिसरा जॅक्सन, केनिया-टांझानियाच्या थंड डोंगरांतला. त्याच्या नराला तीन शिंगं असतात आणि मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. व्हेल्डच्या प्रौढ नराला ऊन खायच्या फांदीवर साधारण ८५ ते ९० फॅरनहाइट (२९ ते ३२ सेल्सिअस) चालतं, पण जॅक्सनला ते जास्त होतं. त्यामुळे 'शॅमेलिऑनला ९० डिग्री लागतं' असं जात न सांगता लिहिलेलं पान पुढे वाचण्यात अर्थ नाही.

फोटो आणि मजकूर जुळतात का, तेही बघा. वर 'व्हेल्डची काळजी' आणि खाली पँथरचा फोटो असेल, तर लिहिणाऱ्याने प्राणी जवळून पाहिलेला नाही. अमेरिकेत 'अमेरिकन शॅमेलिऑन' या नावाने विकला जाणारा छोटा हिरवा सरडा मुळात शॅमेलिऑन नाहीच, तो अ‍ॅनोल. मराठी आणि हिंदी व्हिडिओंत तर कुंपणावरचा आपला नेहमीचा सरडा लाल मान दाखवतोय आणि खाली शीर्षक 'शॅमेलिऑन', असं सर्रास दिसतं. खरा शॅमेलिऑन ओळखायला सोपा आहे: स्वतंत्र फिरणारे, शंकूसारखे उंचावलेले डोळे, चिमट्यासारखी दोन भागांत विभागलेली पावलं आणि आत गुंडाळता येणारी शेपटी.

जातीनंतर वय आणि लिंग. पिल्लाला रोज भरपूर किडे लागतात. प्रौढाला तेवढेच दिले तर तो लठ्ठ होतो. मादीच्या बाबतीत हा फरक जिवावर बेततो. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते. ती वयात यायला चार ते सहा महिने पुरतात. तिला भरपूर खायला आणि भरपूर ऊब मिळाली तर एका वेळी साठ-ऐंशी अंडी तयार होऊ शकतात. अंगातलं कॅल्शियम त्यात ओढलं जातं, अंडी अडकतात, मादी मरते. अनुभवी लोक म्हणून मादीचं खाणं आवरतात, तिची ऊन खायची जागा नरापेक्षा थंड, ८० फॅरनहाइटच्या आसपास ठेवतात, आणि फूटभर खोल ओलसर वाळूचा डबा पिंजऱ्यात आधीपासून ठेवतात. 'मागेल तेवढं खायला घाला' हा सल्ला पिल्लासाठी ठीक आहे. पण तो देणाऱ्याने मादीचा, अंड्यांचा, वाळूच्या डब्याचा उल्लेखही केला नसेल, तर मादी पाळणाऱ्याच्या तो काहीच कामाचा नाही.

दुसरी पायरी: कधीचा सल्ला?

नव्वदच्या दशकात बाजारात येणारे बरेचसे शॅमेलिऑन रानातून पकडलेले असत. प्रवासात पाण्यावाचून कोरडे पडलेले, पोटात जंत, अंगावर जखमा. ते पटापट मरत, आणि त्यातून 'हा प्राणी घरात जगतच नाही' असं मत तयार झालं. आता पिंजऱ्यातच जन्मलेली पिल्लं मिळतात. जुना मजकूर वाचताना हा फरक डोक्यात ठेवायचा. दिव्यांचंही तसंच. २००७ च्या सुमारास काही पिळाच्या आकाराच्या (कॉम्पॅक्ट) यूव्हीबी बल्बांतून निघणाऱ्या घातक, लहान तरंगलांबीच्या किरणांमुळे सरड्यांचे डोळे सुजल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आज जाणकार सरळ, लांब टी५ नळीची, म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारख्या दिव्याची, शिफारस करतात.

पानाच्या माथ्यावरची 'अद्ययावत' ही तारीख बघून फसू नका. ती बदलायला क्षणही लागत नाही. मी त्याऐवजी मजकुरात तीन गोष्टी शोधतो: तापणारा दगड, रात्रीचा लाल दिवा, आणि पिळाच्या आकाराचा यूव्हीबी बल्ब. यातली एक जरी शिफारस म्हणून आली, तरी वरची तारीख काहीही असो, आतला मजकूर जुना आहे. झाडावर राहणाऱ्या प्राण्याला तापलेला दगड कशाला हवा? आणि रात्री त्याला अंधारच हवा.

जुनं ते सगळं टाकाऊ, असंही नाही. येमेनच्या डोंगरांत रात्री किती गारवा पडतो, पहाटे धुकं कसं येतं, ही निरीक्षणं जुनी होत नाहीत.

तिसरी पायरी: कुठून लिहिलंय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि भांडणंही.

वर्षानुवर्षं एक नियम सांगितला जायचा: शॅमेलिऑनला फक्त जाळीचाच पिंजरा, काचेची पेटी म्हणजे मरण. दुसरीकडे जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये लोक काचेच्या पेट्यांतच शॅमेलिऑन ठेवून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत होते. दोघं आपापल्या जागी बरोबर होते. जाळीतून हवा खेळते, पण ओलावा आणि ऊबही निघून जाते. फ्लोरिडात किंवा ह्यूस्टनमध्ये बाहेरच इतकी दमट हवा असते की जाळी उत्तम. थंड प्रदेशात हिवाळाभर हीटिंग चालू असलेल्या घरात हवा कोरडीठाक होते. तिथे उघड्या जाळीत ओलावा टिकवणं कठीण, म्हणून लोक तीन बाजू झाकतात किंवा खालून हवा आत येऊन वरून बाहेर पडेल अशी काचेची पेटी घेतात. पुण्यातल्या एप्रिलचं वाळवण मुंबईच्या जुलैत घालायचा प्रयत्न करावा, तशी गत होते पत्ता न बघता सल्ला उचलला की.

सुरुवातीच्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. रात्री धुकं सोडायची पद्धत गेल्या काही वर्षांत बरीच पसरली आणि तिच्यामागे तर्क आहे: रानात रात्री हवा थंड आणि दमट असते, दिवसा कोरडी, आणि श्वासावाटे जाणारं पाणी त्यामुळे वाचतं. पण 'थंड' हा शब्द त्यातला निम्मा भाग आहे. रात्री खोली ६० ते ६८ फॅरनहाइटपर्यंत (१६ ते २० सेल्सिअस) उतरत असेल तर धुकं ठीक. गरम, कोंदट, हवा न खेळणाऱ्या खोलीत तेच धुकं फुप्फुसांच्या संसर्गाला आमंत्रण. भारतातून आईबाबा आले की आपल्या घरातला थर्मोस्टॅट ७६ च्या खाली जात नाही, हे कुठल्याही अमेरिकन केअर शीटमध्ये लिहिलेलं नसतं. त्या घरात रात्रीचं धुकं नकोच. दिवे लागायच्या आधी पहाटे एकदा, आणि संध्याकाळी दिवे मालवल्यावर एकदा पाणी फवारायचं, दिवसा ठिबक ठेवायची, आणि दोन फवारण्यांमध्ये पानं पूर्ण वाळतात का हे बघायचं.

वाटीचा सल्ला मात्र कुठल्याच पत्त्यावर पुरेसा नाही. शॅमेलिऑन पानांवरचे थेंब पितो. एखादा वाटीतून पितोही, पण त्यावर विसंबून राहणं धोक्याचं, आणि वाटीत किडे मरून पाणी सडतं ते वेगळंच.

फॅरनहाइट आणि सेल्सिअसची गल्लत सांगायला हवी, कारण आपल्यासारख्यांची ती हमखास होते. डोकं सेल्सिअसमध्ये, घर फॅरनहाइटमध्ये, आणि वाचतोय ब्रिटिश पान. आकडा उतरवून घेतानाच एकक लिहा.

चौथी पायरी: आकडा कसा मोजलाय?

'माझ्या पिंजऱ्यात तापमान बरोबर आहे' या वाक्यावर पुढचा प्रश्न: कशाने मोजलं, आणि कुठे? भिंतीला चिकटवायचा गोल काट्याचा तापमापक पाच-दहा डिग्री सहज चुकतो. शिवाय तो भिंतीचं तापमान सांगतो, प्राण्याच्या पाठीचं नाही. वायरच्या टोकाशी सेन्सर असलेला डिजिटल मापक घेऊन सेन्सर ऊन खायच्या फांदीवर, प्राण्याची पाठ येते तितक्या उंचीवर बांधायचा. दिवा वर असतो, त्यामुळे फांदीपेक्षा तुऱ्याचं टोक जास्त तापतं, आणि तुरा भाजलेले व्हेल्ड पशुवैद्यांकडे येतात ते यामुळेच.

यूव्हीबीच्या बाबतीत तर आकड्याशिवाय बोलणंच व्यर्थ. 'पाच टक्क्यांचा दिवा लावा' म्हणजे काय? एक कंपनी ५.० आणि १०.० लिहिते, दुसरी ६ आणि १२ टक्के. रेप्टिसनचा ५.० आणि आर्केडियाचा ६ टक्के हे साधारण एकाच कामाचे, पण आकडे वेगळे, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. त्यात मधली जाळी प्रकाशाचा चांगला मोठा हिस्सा अडवते. दिव्यामागचा चकचकीत पत्रा तो वाढवतो. अंतर दुप्पट झालं की तीव्रता झपाट्याने घटते. म्हणून जाणकार टक्के सांगण्याऐवजी यूव्ही निर्देशांक सांगतात: व्हेल्ड आणि पँथरसाठी ऊन खायच्या फांदीवर साधारण ३. टी५ ची ६ टक्क्यांची नळी जाळीच्या वर ठेवली तर बहुधा आठ-नऊ इंच खाली तेवढा मिळतो. पण 'बहुधा' हा शब्द काढून टाकायचा असेल तर सोलारमीटर ६.५ नावाचं यंत्र लागतं. महाग आहे. प्रत्येकाने घ्यावं असं मी म्हणणार नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची मंडळं किंवा चांगली दुकानं कधी मोजून देतात. मात्र दिव्यांवर लांबलचक व्हिडिओ करणाऱ्याकडे हे यंत्र नसेल, तर तो अंदाजपंचे बोलतोय.

'खिडकीत ठेवा, ऊन मिळेल' हा सल्ला दिसला तर? काचेतून यूव्हीबी येत नाही, उष्णता येते. काचेची पेटी उन्हातल्या खिडकीत ठेवली तर प्राणी तासाभरात शिजू शकतो. हे लिहिणाऱ्याच्या बाकी कुठल्याच वाक्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

पाचवी पायरी: आवाज बंद करा आणि प्राण्याकडे बघा

व्हिडिओ बघताना एकदा आवाज बंद करून बघायची सवय लावून घ्या. बोलणारा काय म्हणतोय हे बाजूला ठेवून प्राणी काय सांगतोय ते पाहायचं.

पुढचे पाय सरळ आहेत का? कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग धनुष्यासारखा वाकलेला असेल, पोट फांदीवर टेकवून प्राणी सरपटत असेल, जबडा नीट मिटत नसेल, जीभ किड्यापर्यंत पोचत नसेल, तर हाडांचा आजार आहे किंवा होऊन गेलाय. डोळे दिवसा मिटलेले किंवा खोल गेलेले? ही धोक्याची खूण. विष्ठेतला पांढरा भाग, म्हणजे यूरेट, गडद केशरी असेल तर पाणी कमी पडतंय. अंगावर काळपट पट्टे, गळा फुगवलेला, तोंड उघडं: हा रागाचा नाहीतर भीतीचा अवतार. व्हिडिओवाला म्हणत असतो, 'बघा, हसतोय!'

माणसाच्या बोटाला 'टाळी देणारा' शॅमेलिऑन बघून लोक विरघळतात. पुढचा पाय उचलून तो दूर ढकलत असतो किंवा पळायला आधार शोधत असतो. दोन शॅमेलिऑन एका फांदीवर 'जोडीने' बसलेले दाखवणारी चित्रफीतही तशीच. हे प्राणी एकटे राहणारे. नुसतं एकमेकांना सतत दिसत राहणं हाही त्यांना ताण. दुकानात पिल्लं एकत्र ठेवतात ती जागेच्या सोयीसाठी.

रंगाबद्दलचं एक वाक्य तर पारखायला फारच सोपं. 'शॅमेलिऑन आजूबाजूच्या रंगात मिसळायला रंग बदलतो' असं कुणी लिहिलं असेल, तर त्याने वरवरचं वाचून लिहिलंय. रंगबदल मुख्यतः एकमेकांना इशारे देण्यासाठी आणि शरीराचं तापमान सांभाळण्यासाठी असतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर जातीवर काम करून दाखवलं की त्वचेतल्या विशिष्ट पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात, उत्तेजित झाला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि हिरवा रंग पिवळा-लालसर होतो. रंगीत चष्म्यांवर ठेवल्यावर चटचट रंग बदलणाऱ्या सरड्याची जी चित्रफीत अजूनही फिरते, ती बनावट जाहिरात आहे.

तोच प्राणी वर्षानंतरच्या व्हिडिओत दिसतो का, हेही बघा. 'माझा नवा शॅमेलिऑन' असं दर वर्षी वेगळ्या पिल्लासकट येत असेल, तर आधीच्यांचं काय झालं हा प्रश्न त्या चॅनेलच्या साऱ्या सल्ल्यांपेक्षा मोठा आहे.

सहावी पायरी: दहा पानं की एकच पान दहा वेळा?

एकच वाक्य दहा ठिकाणी सापडलं म्हणजे दहा साक्षीदार मिळाले, असं होत नाही. ते वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा; बऱ्याचदा शब्दन्‌शब्द तेच निघतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तर असं लिखाण ढवळून नवं पान करून देतात. त्यात व्हेल्डचं तापमान, जॅक्सनचा ओलावा आणि पाल-गेकोचं खाणं एकाच परिच्छेदात नांदतं. भाषा सफाईदार असते, त्यामुळे जास्तच फसायला होतं.

मनीप्लँटचं उदाहरण घ्या. एकीकडे शॅमेलिऑनवाले सगळे पिंजऱ्यात मनीप्लँट लावा म्हणतात, दुसरीकडे 'पाळीव प्राण्यांसाठी विषारी' अशा यादीत तोच. कोण खरं? यादीचं मूळ शोधलं की कळतं, ती कुत्र्या-मांजरांसाठी केलेली आहे. मनीप्लँटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, मांजराच्या तोंडाची त्याने आग होते. शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यांत मात्र तो दशकानुदशकं लावला जातोय, आणि व्हेल्ड तर त्याची पानंही कुरतडतात. दोन्ही विधानं आपापल्या प्राण्यापुरती खरी. पान खाणाऱ्या व्हेल्डसाठी मला स्वतःला जास्वंद जास्त आवडते. फुलंही खातो तो, आणि त्यातून उरली तर गणपतीला वाहायलाही होतात.

सांगणाऱ्याला विकायचंय काय, तेही बघायचं. पण विक्रेता म्हणून लगेच बाद करू नका. वर्षानुवर्षं पिल्लं वाढवणाऱ्या ब्रीडरला अंड्यांपासून म्हातारपणापर्यंतचं जे दिसलेलं असतं, ते दोन प्राणी पाळलेल्या निःस्वार्थी हौशी माणसाला दिसलेलं नसतं. ब्रीडरला एकच विचारा: तुमच्याकडचा सगळ्यात म्हातारा शॅमेलिऑन किती वर्षांचा? उत्तर टाळलं तर समजून घ्या. तयार 'शॅमेलिऑन किट' विकणाऱ्या दुकानाचं मात्र बारकाईने बघा, कारण त्यात बऱ्याचदा पिंजरा लहान असतो. प्रौढ व्हेल्ड किंवा पँथरला निदान २ फूट रुंद, २ फूट खोल आणि ४ फूट उंच जागा हवी.

सातवी पायरी: सल्ला चुकीचा निघाला तर काय होईल?

प्रत्येक सल्ला सारख्याच काटेकोरपणे तपासायला वेळ कुणाला आहे? झाड कुठे ठेवावं, हा सल्ला चुकला तर उद्या हलवता येतं. जीवनसत्त्वांचा सल्ला चुकला तर परत फिरता येत नाही.

रातकिड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी, म्हणून त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची हे सगळेच सांगतात. गडबड पुढे आहे. बाजारात एकाच कंपनीच्या, जवळपास एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या असतात, एक डी३ असलेली, एक नसलेली. डी३ आणि ए ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जात नाहीत. डी३ फार झालं तर कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत साचतं. पण अगदीच न देणंही वाईट. ए जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे सुजतात, जीभ नीट काम करत नाही. यूव्हीबी चांगला असेल तर रूढ पद्धत अशी: साधं, डी३ नसलेलं कॅल्शियम जवळपास प्रत्येक खाण्याला, आणि डी३ व इतर जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदा. तुमच्या हातातली पूड कुठली हे न विचारता 'रोज मल्टिव्हिटॅमिन घाला' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

बाहेरचे किडे पकडून घालण्याचा सल्लाही याच वर्गातला. नाकतोडा बहुधा चालून जाईल, पण काजवा चालणार नाही. अमेरिकन काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. एकच काजवा खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. जूनमध्ये न्यू जर्सीच्या अंगणात मुलं काजवे पकडत असतात, तेव्हा त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

नवा सल्ला पटला तरी एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा, फवारणी आणि पूड एकाच रविवारी बदलली आणि प्राणी खायचा थांबला, तर कारण शोधणार कुठे?

आठवी पायरी: स्वतः विचाराल तेव्हा

'माझा शॅमेलिऑन खात नाही, काय करू?' असं विचारलं तर उत्तरंही तशीच मोघम येतील. जात, वय, नर की मादी, पिंजऱ्याचं माप, दिव्याचं नाव आणि तो किती जुना, फांदीपासूनचं अंतर, दिवस-रात्रीचं तापमान, फवारणीच्या वेळा, किडे कुठले आणि त्या किड्यांना तुम्ही काय खायला घालता, पूड कुठली, विष्ठा कशी, एवढं लिहा. पूर्ण पिंजऱ्याचा एक आणि प्राण्याचा बाजूने एक फोटो जोडा.

मग उत्तरं बघा. माहिती अपुरी असताना छातीठोकपणे इलाज सांगणाऱ्यापेक्षा 'दिवा जाळीच्या वर आहे की आत?' असं उलट विचारणारा माणूस धरून ठेवावा. 'असं का?' विचारल्यावर कारण सांगता येणं, आणि आधी वेगळं सांगत होतो असं कबूल करता येणं, या दोन खुणा मला सगळ्यात भरवशाच्या वाटतात. चिडणाऱ्यांची उत्तरं सोडून द्या.

सल्ला घ्यायचा नाही, दवाखान्यात जायचं ते प्रसंग

दिवसा डोळे मिटून बसणं, फांदीवरून पडणं, पाय वाकडे दिसणं, सांधा किंवा डोळा सुजणं, नाका-तोंडात फेस किंवा श्वासाचा आवाज, मान वर करून तोंड उघडं ठेवणं, मादीने दिवसचे दिवस खणत राहून अंडी न घालणं. यातलं काहीही दिसलं तर लिहीत-वाचत बसू नका. या टप्प्यावर चांगल्यात चांगला ऑनलाइन माणूसही 'डॉक्टरकडे न्या' एवढंच म्हणतो. 'मधाचं पाणी पाजा', 'माणसाचं अँटिबायोटिक चतुर्थांश गोळी' असलं काही सुचवणाऱ्याला ब्लॉक करा.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात सरड्यांचं ज्ञान असतंच असं नाही. त्यामुळे प्राणी घरी आणायच्या आधीच डॉक्टर शोधून ठेवा. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची एआरएव्ही ही संघटना आहे, तिच्या संकेतस्थळावर भागानुसार डॉक्टर शोधता येतात. फोन करून विचारा: महिन्यात किती शॅमेलिऑन बघता, मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी आणि हाडांसाठी एक्स-रे तिथेच होतो का, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कुठे पाठवता? नवा प्राणी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विष्ठेची तपासणी करून घ्या. नमुना ताजा हवा. लहान झिप पिशवीत ओलसर पेपर टॉवेलसोबत ठेवून त्याच दिवशी पोचवा, आणि पिशवीवर प्राण्याची जात, वय आणि नर की मादी ते लिहा.